मित्रांच्या बागेतून भाजी तोडताना
मित्र म्हणाला ना "ये, हवं ते घेऊन जा", तरी आधी विचारा की एवढ्यात कसली फवारणी केलीय का, आणि बियाण्यासाठी कुठली फळं राखून ठेवलीत. जायचं सकाळीच, दव सुकल्यावर पण ऊन तापायच्या आत, तेव्हा पानं मस्त टवटवीत असतात. पुदिना, तुळस ओरबाडू नका प्लीज, पानांची जोडी जिथे फुटते त्याच्या जरा वर कात्रीने कापा, तिथूनच नवे फुटवे येतात आणि झाड उलट दाट होतं, फक्त एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त नको. पालकाची बाहेरची पानं घ्या, मधला कोंब राहू द्या. काकडी, मिरची देठासकट कापा, ओढली तर फांदीच मोडते. पालेभाजी घरी आल्याआल्या धुऊ नका, ओली ठेवली की लवकर सडते.