गेम स्टुडिओत नोकरी हवीय? आधी बकरी नीट चालवा

गेल्या दिवाळीत भाचा लॅपटॉप घेऊन समोर बसला. "मावशी, मी गेम केलाय. तुमच्या ऑफिसात लागेल का मला नोकरी?" पुण्यातल्या एका स्टुडिओत मी टेस्टर म्हणून लागले, आता प्रोग्रॅमर आहे आणि फ्रेशर्सच्या मुलाखती घेते. चिवडा खाता खाता त्याला जे सांगितलं, तेच इथे लिहितेय.

त्याच्या गेममधली बकरी छपरांवरून उड्या मारते. त्याच्या लॅपटॉपवर झकास पळत होती. माझ्या जुन्या डबड्यावर टाकला, तर तीच बकरी रांगायला लागली. त्यानं दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावर उमटणाऱ्या प्रत्येक चित्राला, बकरी ठरावीक अंतर पुढे ढकलली होती. त्याच्याकडे सेकंदाला 144 फ्रेम, माझ्याकडे जेमतेम 40. वेग वेळेच्या हिशेबात लिहायचा असतो. मागच्या फ्रेमपासून किती वेळ गेला, त्या डेल्टा टाइमनं गुणायचं. बदल एका ओळीचा, पण मुलाखतीत कितीतरी पोरं इथेच आपटतात, कारण गेम दुसऱ्या कुणाच्या मशीनवर कधी लावलेलाच नसतो.

तेव्हा पाठवण्याआधी ओळखीतल्या सगळ्यात टुकार कॉम्प्युटरवर चालवून बघा. सेकंदाला 60 फ्रेम हव्यात तर एका फ्रेमला साधारण 16.6 मिलिसेकंद मिळतात, सगळं त्यात बसवायचं. प्रोफायलर (कुठल्या कामाला किती वेळ लागतो ते मोजणारं टूल) उघडून "हा वेळ इथे जातोय" असं तुम्ही दाखवलंत, की माझे निम्मे प्रश्न तिथेच संपतात.

इंजिन, म्हणजे ज्यात गेम बनवतात ते सॉफ्टवेअर, कोणतं, यावर भांडत बसू नका. युनिटीला सी शार्प लागतं, अनरीयलला सी प्लस प्लस, गोडो फुकट आणि ओपन सोर्स आहे. युनिटीनं 2023 मध्ये इन्स्टॉलमागे फी लावायचं जाहीर केलं, केवढा गोंधळ झाला, पुढच्या वर्षी ते मागेही घेतलं. व्हेक्टरचं (दिशा आणि अंतराचं) गणित पक्कं असलं की इंजिन बदलताना जीव जात नाही.

कोडिंग जमत नसेल तरी दार बंद नाही. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' 2020 मध्ये आला. तो किंवा तुमचा आवडता कुठलाही गेम घ्या आणि शेवटची नावं थांबून वाचा. ॲनिमेशन, लेव्हल डिझाइन, साउंड, क्यूए (गेममधल्या चुका, म्हणजे बग, शोधणं), सगळी कामं तिथे दिसतील. आमची सगळ्यात जास्त दमछाक होते ती टेक्निकल आर्टिस्ट शोधताना. शेडर (पडद्यावर रंग-प्रकाश कसा दिसेल ते ठरवणारा कोड) लिहिणारा, आर्टिस्टसाठी टूल करून देणारा आणि प्रोग्रॅमरशी त्याच्याच भाषेत बोलणारा माणूस पटकन सापडत नाही. ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर आणि थोडं पायथॉन कोडिंग येत असेल तर याचा विचार कराच.

क्यूएसाठी "मी दिवसाला आठ तास खेळतो" हे सांगू नका, त्याचं मला काय! एक बग लिहून दाखवा. "दार उघडत नाही" याला बग रिपोर्ट म्हणत नाहीत. "दुसरी लेव्हल, चावी घेतली, दारासमोर पॉज केलं, परत सुरू केलं, दार उघडत नाही, 10 पैकी 7 वेळा," आणि सोबत बिल्डचा, म्हणजे गेमच्या त्या आवृत्तीचा, नंबर. एवढं वाचून प्रोग्रॅमर पाच मिनिटांत बग डोळ्यांनी बघू शकतो.

जाहिरातीत नुसतं 'गेमिंग कंपनी' असेल तर ती नेमकं काय बनवते ते आधी विचारा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट 2025 च्या कायद्यानं बंदी आली. आमच्या बाजूलाही सगळं आलबेल नाही. 2023 आणि 2024 मध्ये जगभर हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. त्यामुळे जागा कमी आणि अर्ज ढीगभर.

म्हणून अर्जात पहिल्यांदा तीस सेकंदांचा व्हिडिओ द्या, लोगो न फिरवता थेट खेळ. मग चालणारा बिल्ड, मग कोड. टीमनं केलं असेल तर तुमचा भाग कोणता ते स्पष्ट लिहा. दहा अर्धवट गेमपेक्षा मेनूपासून शेवटापर्यंत पूर्ण झालेला पाच मिनिटांचा एकच चालेल. आणि फाइलला 'फायनल_नवीन_फायनल2' नाव देऊ नका. भाच्यानं दिलं होतं.