गरीचं शिसं घरी ओतताना: साचा सुकलाय असं वाटतं तेव्हा तो सुकलेला नसतो

दर रविवारी गरवायला, म्हणजे गळाने मासे पकडायला जायचं आणि गळाच्या दोरीला वजन म्हणून बांधलेली 100 ग्रॅमची दोन-तीन शिसं कातळात अडकवून यायचं, असं चालू असेल तर विकत घेणं परवडत नाही, घरीच ओता.

भंगारवाल्याकडे जुना पाइप, पत्रा मिळतो, टायरवाल्याकडे बॅलन्सिंगची वजनं. नखाने ओरखडा उठला तर शिसं, दगडावर आपटून खणखणलं तर जस्त नाहीतर लोखंड, बाजूला काढा. बॅटरीच्या प्लेटा फुकट दिल्या तरी घेऊ नका, त्यात ॲसिड असतं आणि तापवल्यावर विषारी गॅस निघतो.

नमुना मातीचा करा. मापाच्या ग्लासात बुडवून 9 मिली पाणी वर चढलं की शिशात तो 100 ग्रॅमच्या आसपास भरणार, कारण शिसं पाण्याच्या अकरापट जड. त्यावरून प्लास्टर ऑफ पॅरिसचा दोन भागांचा साचा करा, ओतायचं तोंड करंगळीएवढं ठेवा.

आता खरी गोम. सगळे सांगतात "साचा उन्हात दोन दिवस ठेवा, झालं." काही झालेलं नसतं! मीही ऐकलं होतं, साचा हाताला खडखडीत कोरडा, ओतलं आणि तोंडातून फस्सकन शिसं उडालं, शर्टाच्या बाहीला अजून भोकं आहेत, चष्मा नसता तर डोळाच गेला असता. आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि तिला बाहेर पडायला तेवढं एकच तोंड असतं.

म्हणून डोळ्यांवर नाही, वजनकाट्यावर विश्वास ठेवा. माझा साचा ओला 640 ग्रॅम होता, दोन दिवसांच्या उन्हाने 510 झाला, बाहेरून पांढराशुभ्र, आणि तरी तव्यावर जाळी ठेवून अगदी मंद आचेवर तीन तास तापवल्यावर आणखी 50 ग्रॅम उतरलं. ते 50 ग्रॅम म्हणजे पाणीच की! अर्ध्या तासाने पुन्हा वजन करा, काटा हलायचा थांबला की साचा तयार. घाईने आच वाढवली तर प्लास्टरचा भुगा होतो, मी केलाय. पावसाळ्यात हा उद्योगच नको.

हाच नियम भंगाराला. वितळलेल्या शिशात वरून तुकडा टाकायचा नाही, पाइपच्या वळणात थेंबभर पाणी असलं तरी कढई उसळते. सगळं गार कढईत आधीच भरा. कढई लोखंडी, जुनी आणि परत कधीही स्वयंपाकात न जाणारी. शेगडी अंगणात, वारा पाठीवर, पोरं घरात.

शिसं 327 डिग्रीला वितळतं. वरचा मळ पळीने काढा, सुकी काडी टेकवून तपकिरी झाली की कोमट साच्यात पितळी तारेची कडी बसवून एका धारेत ओता. सुरकुत्या पडल्या तर साचा गार होता, परत वितळवा.

पाण्यात बुडवून गार करू नका, कढईजवळ पाणी आणायचंच नाही. दहा मिनिटांनी उघडा, साच्याच्या तोंडात गोठलेला दांडा पक्कडीने तोडा, हात साबणाने धुवा, त्याआधी तंबाखू मळू नका. तोडलेले दांडे डब्यात ठेवा, पुढच्या वेळी गार कढईत सगळ्यात आधी तेच.