बाळ अजून बोलत नाही? मग आधी या चुका टाळा

दीड-दोन वर्षांचं मूल बोलत नसलं की घरात एकच धोशा सुरू होतो, आई म्हण, बाबा म्हण, काकूला जय श्रीकृष्ण म्हण, आणि ते बिचारं सगळ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत राहतं. पण बोलणं सगळ्यात शेवटी येतं हो. त्याच्या आधी नीट ऐकू येणं, ऐकलेलं कळणं आणि मला काहीतरी सांगायचंय असं वाटणं, एवढं सगळं जमावं लागतं. बहुतेक चुका तिथेच होतात.

ताट वाजवून कान तपासणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. "ताट पडलं की दचकतो, दारावरची बेल वाजली की धावतो, म्हणजे कान ठणठणीत आहेत." नाही, तसं नसतं. ताटाचा आवाज मोठा असतो, शिवाय जमिनीचा हादरा बसतो, कोणी मागून आलं तर सावली दिसते, मुलं ते सगळं पकडतात. बोलण्यातले स, श, फ असे आवाज मात्र बारीक आणि हलके असतात, त्यामुळे थोडंसंच कमी ऐकू येणाऱ्या मुलाला बेल ऐकू येते पण शब्द अर्धेमुर्धे पोचतात, आणि अर्धा ऐकलेला शब्द ते पूर्ण बोलणार कसं? आणखी एक म्हणजे सतत सर्दी होणारी मुलं. कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं, दुखेलच असं नाही, ताप नाही, पण आठवडेच्या आठवडे कमी ऐकू येतं आणि आपण म्हणतो हल्ली फार हट्टी झालाय, ऐकतच नाही.

म्हणून बोलायला उशीर वाटला की पहिली तपासणी कानाची, मग बाकी सगळं. ओएई नावाच्या कानाच्या टेस्टमध्ये कानात एक मऊ बूच ठेवतात, बाळ शांत असलं की काही मिनिटांत होते, दुखत नाही. बेरा या कानाच्या दुसऱ्या टेस्टमध्ये डोक्याला छोटे सेन्सर चिकटवतात आणि बाळ झोपलेलं असताना करतात. खरं तर नियम असा की जन्मल्यावर पहिल्या महिन्यात तपासणी, दोष वाटला तर ३ महिन्यांच्या आत पक्कं निदान आणि ६ महिन्यांच्या आत उपचार सुरू. तेव्हा डिस्चार्जची फाइल काढून बघा, टेस्ट झाली होती का ते. झालेली असली आणि नॉर्मल असली तरी पुन्हा करायला हरकत नाही, कारण ऐकणं नंतरही कमी होऊ शकतं. खर्चाची अडचण असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम अंगणवाडीत येते तेव्हा सांगा, २०१३ पासून ही योजना आहे आणि त्यात बोलण्या-ऐकण्याचं पण येतं, तिथून पुढे डीईआयसीला, म्हणजे अशा मुलांसाठीच्या जिल्ह्याच्या केंद्रात, पाठवतात. मुंबईवाल्यांसाठी वांद्र्याला बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींसाठीची अली यावर जंग ही राष्ट्रीय संस्था आहेच.

"याचा बाप पण चौथ्या वर्षी बोलला"

प्रत्येक घरात असा एक बाप असतो. मुलगे उशिरा बोलतात यात थोडं तथ्य आहे, पण तो फरक थोडाच असतो, वर्षं-वर्षं नाही. आणि उशिरा बोलणारी बरीच मुलं आपोआप बरोबरीला येतात हेही खरं, गोची एवढीच की यातलं कुठलं येणार आणि कुठलं नाही हे आधी सांगता येत नाही, म्हणून वाट बघत बसण्यापेक्षा दाखवून आलेलं बरं.

ढोबळ अंदाज द्यायचा तर वर्षाच्या आसपास नावाने हाक मारली की वळून बघणं, टाटा करणं, आणि त्यानंतर लवकरच बोटाने वस्तू दाखवणं. दीड वर्षाला निदान थोडे तरी शब्द. दोन वर्षाला साधारण ५० शब्द आणि दोन शब्द जोडणं, "बाबा गेला", "पाणी दे" असं. तीन वर्षाला बाहेरच्या माणसालाही बरंचसं कळावं. मोजताना भूभू, माऊ, मम्मं हे पण शब्दच धरा, नेहमी त्याच गोष्टीसाठी वापरत असेल तर. मात्र येत असलेले शब्द गेले, किंवा मूल बोटाने दाखवत नाही, डोळ्यात बघत नाही, हाकेला वळत नाही, तर पुढच्या लसीची तारीख येईपर्यंत थांबू नका, लगेच बालरोगतज्ज्ञांकडे जा.

मोबाइल, आणि आपणच पुरवलेलं सगळं

याला एबीसीडी येते, सगळे कलर्स येतात, शंभरपर्यंत आकडे येतात, पण तहान लागली तर पाणी मागता येत नाही. अशी मुलं आता घरोघरी दिसतात आणि आई-बाबांना वाटतं पोरगं हुशार आहे, नुसतं बोलत नाही एवढंच. व्हिडिओ बोलतो पण उत्तराची वाट बघत नाही, आणि बोलणं शिकायला नेमकी ती देवाणघेवाण लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितलंय, दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त १ तास, तोही कमी असेल तेवढा चांगला. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणंही साधारण हेच आहे, आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल तेवढा चालतो. भरवताना मोबाइल ही सवय मात्र आधी मोडा, कारण आमटी, भात, गरम, फुंकर, अजून, बास हे सगळे शब्द त्या अर्ध्या तासातच मिळायचे असतात. आणि कोणी बघत नसताना चालू असलेली मालिका पण बंद करा, तिच्यामुळे मोठी माणसं पण कमी बोलतात.

दुसरी बाजू म्हणजे मुलाला मागायची वेळच येऊ न देणं. ते ओट्यापाशी येऊन नुसतं वर बघतं आणि आजीने बिस्किटाचा डबा उघडलेला पण असतो. मग बोलायचं कशाला? डबा दिसेल पण हाताला लागणार नाही असा ठेवा, बिस्किट अर्धंच द्या, आणि मग गप्प बसा. मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. हे फार कठीण जातं आपल्याला, तीनवरच तोंड उघडतं. मुलाने बोट दाखवलं, "बि" म्हटलं, काहीही केलं की लगेच द्यायचं, "बिस्किट, बिस्किट हवं" असं म्हणत. पूर्ण शब्द म्हटल्याशिवाय देणार नाही असली अट घालू नका, रडारड होते आणि मूल अजून गप्प होतं.

परीक्षा घेणंही थांबवा. हे काय आहे, रंग कोणता, गाय कशी करते, दिवसभर प्रश्नच प्रश्न. त्यापेक्षा मटार सोलायला बसलात तर त्याला शेजारी घ्या, "उघड... एक दाणा, अजून एक, अरे पळाला! कुठे गेला? सोफ्याखाली गेला." छोटी वाक्यं, तेच शब्द परत परत, आणि मधे त्याच्यासाठी जागा. घरात जी भाषा मनापासून येते तीच बोला. दोन-तीन भाषांमुळे मूल मागे पडत नाही, शब्द मोजताना सगळ्या भाषांचे मिळून मोजायचे. नर्सरीत इंग्लिश आहे म्हणून घरी तोडकंमोडकं "ईट फास्ट, कम हिअर" सुरू केलं तर मुलाला ना धड मराठी मिळते ना इंग्लिश, पुण्यात काय नि न्यू जर्सीत काय.

चुका काढणं

"मी करलं" असं म्हणणारं मूल खरं तर भारी काम करतंय, बसलं-हसलं वरून नियम काढून तो लावतंय. "हो, तू केलंस!" एवढं म्हणून पुढे जा, परत म्हणायला लावू नका. काकाचा ताता होणं लहानपणी चालतंच, र तर बऱ्याच मुलांना पाच-सहा वर्षांपर्यंत नीट येत नाही. पाहुण्यांसमोर म्हणायला लावून हसणं तेवढं बंद करा.

जिभेला वेखंड-मध चोळणं आणि जिभेखालचा पडदा कापून आणणं हे दोन उपाय कोणीतरी सुचवतंच. वर्षाच्या आत मध अजिबात नको, त्याने गंभीर आजार होऊ शकतो. जिभेखालच्या पडद्याने फार तर एखादा उच्चार अडतो, शब्दच न येणं हे त्याच्यामुळे होत नाही.

अडीच-तीन वर्षांचं मूल अचानक "म-म-मला" करायला लागलं तर घाबरू नका, वाक्यं मोठी व्हायला लागली की असं होतं आणि बऱ्याच मुलांचं जातं. "हळू बोल, श्वास घे" म्हणू नका, वाक्य त्याचं त्याला पूर्ण करू द्या. सहा महिने उलटले तरी राहिलं, किंवा बोलताना चेहरा आवळतोय, बोलणं टाळतोय असं वाटलं, तर स्पीच थेरपिस्टकडे जा.

आणि जाताना घरात खेळतानाचा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ मोबाइलमध्ये घेऊन जा, शिवाय येणाऱ्या शब्दांची यादी कागदावर, कारण नव्या जागी मूल हमखास तुमच्या मागे लपतं आणि तोंड उघडत नाही.