सर्व्हरचा बीएमसी सुरक्षित करताना: आधी केबल, मग पासवर्ड

रॅकमधल्या जवळजवळ प्रत्येक सर्व्हरच्या मदरबोर्डवर आणखी एक छोटा संगणक असतो. त्याला बीएमसी (बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर) म्हणतात; दूरवरून सर्व्हर सांभाळणे हे त्याचे काम. डेलच्या सर्व्हरवर तो आयड्रॅक, एचपीईवर आयलो, लेनोवोवर एक्ससीसी या नावाने असतो. सुपरमायक्रो वापरणारे त्याला नुसते आयपीएमआय म्हणतात; खरे तर आयपीएमआय हा बीएमसीशी बोलण्याचा प्रोटोकॉल आहे. त्याचा प्रोसेसर, मेमरी आणि नेटवर्क पत्ता वेगळा असतो, आणि सर्व्हर बंद असला तरी स्टँडबाय विजेवर तो चालू राहतो. त्याच्या वेब पानावर लॉगिन झालेला माणूस सर्व्हर बंद-चालू करू शकतो, स्क्रीन पाहू शकतो, दूरवरून आयएसओ (इन्स्टॉल डिस्कची फाइल) जोडून डिस्क पुसू शकतो. लिनक्समधल्या फायरवॉलला यातले काहीही दिसत नाही.

पहिली गोष्ट मनाशी पक्की करा: इथे केवळ पासवर्डच्या भरवशावर राहता येत नाही. आयपीएमआय २.० च्या लॉगिन पद्धतीतच खोट आहे. यूडीपी पोर्ट ६२३ वर कुणीही खरे यूजरनेम सांगितले, की बीएमसी त्या खात्याच्या पासवर्डपासून तयार केलेला हॅश (गणिती ठसा) त्याला पाठवून देतो, आणि तोही लॉगिन पूर्ण होण्याआधी. तो हॅश घरी नेऊन, एकेक पासवर्ड जुळवून पाहत, निवांत फोडता येतो. हा दोष २०१३ साली सुरक्षा दोषांच्या सार्वजनिक यादीत सीव्हीई-२०१३-४७८६ या क्रमांकाने नोंदला गेला. पण तो प्रोटोकॉलच्या मांडणीतच असल्यामुळे फर्मवेअर (बीएमसीच्या आतले सॉफ्टवेअर) बदलून जात नाही. शिवाय हे गणित करण्यासाठी बीएमसीला मूळ पासवर्ड परत वाचता येईल अशा रूपात साठवावा लागतो. म्हणून दहा सर्व्हरना एकच पासवर्ड दिला, तर एक मशीन हाती लागताच दहाही गेली असे समजा.

त्यामुळे सुरुवात केबलपासून करा.

बीएमसीचा नेटवर्क जोड तीन प्रकारे चालतो: स्वतंत्र पोर्ट, सर्व्हरच्या नेहमीच्या पोर्टमध्ये वाटा, किंवा फेलओव्हर. सुपरमायक्रोवर बहुधा फेलओव्हर हीच मूळ सेटिंग असते. त्यात बीएमसी सुरू होताना स्वतंत्र पोर्टात केबल दिसली नाही, तर तो गुपचूप लॅन १ वर, म्हणजे सर्व्हरच्या पहिल्या नेहमीच्या पोर्टवर, जातो आणि तिथे डीएचसीपीकडून (आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून) पत्ता घेतो. लॅन १ ही तुमची इंटरनेटची बाजू असेल, तर कुणीही काही न करता लॉगिनचे पान जगासमोर उघडे पडते. ‘आमच्या बीएमसीला केबलच लावलेली नाही’ हे म्हणूनच सुरक्षिततेचे उत्तर होत नाही. सेटिंग ‘डेडिकेटेड’ करा. आयड्रॅकमध्ये हे नेटवर्क सेटिंगमधल्या एनआयसी (नेटवर्क पोर्ट) निवडीत सापडते; त्याच्या शेजारचा फेलओव्हर पर्यायही ‘नन’ आहे ना ते पाहा.

स्विचवर बीएमसीसाठी वेगळे व्हीलॅन (त्याच स्विचवरचे स्वतंत्र आभासी नेटवर्क) ठेवा आणि त्यातले पोर्ट एकमेकांशी बोलणार नाहीत अशी प्रायव्हेट व्हीलॅनची सोय करा. ही पायरी सर्रास सुटते. एक बीएमसी फुटला तर त्याच व्हीलॅनमधले बाकीचे सगळे त्याच्या हाताशी येतात, कारण त्यांच्यामध्ये राउटर नसतोच. बाहेरून आत येण्याची परवानगी फक्त एका जंप होस्टला (ज्यातूनच आत जाता येते अशा मधल्या मशीनला), तीही टीसीपी ४४३ वर; जुन्या मॉडेलचा कन्सोल आणखी पोर्ट मागत असेल तर तेवढीच जादा. आतून बाहेर फक्त तुमच्या स्वतःच्या एनटीपी (वेळ) आणि सिसलॉग (नोंदी) सर्व्हरपर्यंत. इंटरनेटकडे जाणारा रस्ता बीएमसीला लागत नाही.

जंप होस्टपर्यंत वायरगार्ड व्हीपीएनने किंवा किल्ली आणि दुसरा घटक मागणाऱ्या एसएसएचने पोहोचा. एसएसएचच्या बोगद्यातून ४४३ पुढे पाठवताना दोन अडचणी येतात. जुन्या मॉडेलचा जावा कन्सोल (सर्व्हरची स्क्रीन दाखवणारा प्रोग्राम) ४४३ शिवाय ५९०० सारखे आणखी पोर्ट मागतो, म्हणून पान उघडते पण स्क्रीन काळी राहते. आणि आयड्रॅक ९ ची नवी फर्मवेअर ब्राउझरने पाठवलेले होस्टचे नाव तपासतात. लोकलहोस्ट म्हणून आलात तर ४०० ची एरर मिळते. दोन्हींवर साधा उपाय म्हणजे पोर्ट पुढे पाठवण्याऐवजी एसएसएचचा सॉक्स प्रॉक्सी वापरणे, म्हणजे ब्राउझरची सगळी ये-जा जंप होस्टमार्फत होते. मग ब्राउझरमध्ये बीएमसीचा खरा पत्ताच टाकता येतो. जावा कन्सोललाही तोच प्रॉक्सी जावाच्या सेटिंगमध्ये वेगळा सांगावा लागतो.

भाड्याच्या सर्व्हरवर बीएमसीला पब्लिक आयपी दिलेला असेल, तर आधी पुरवठादाराकडे व्हीपीएन मागा. ते मिळेपर्यंत बीएमसीच्या आतली, कोणत्या पत्त्यांना परवानगी हे ठरवणारी आयपी यादी वापरा. ती दुबळी असते, तरी काहीच नसण्यापेक्षा बरी. मात्र क्रम सांभाळा: आधी स्वतःच्या पत्त्याला परवानगी, मगच बाकी सगळ्यांना नकार. उलटे केलेत तर तुम्हीच बाहेर अडकाल, आणि ऑपरेटिंग सिस्टिममधून आयपीएमआयटूल या कमांडने बीएमसी रीसेट करत बसावे लागेल.

आता बीएमसीच्या आत. आयपीएमआय ओव्हर लॅन, म्हणजे नेटवर्कवरून ६२३ पोर्टावर चालणारे आयपीएमआय, बंद करा. आयलो ५ मध्ये ते मुळातच बंद असते, इतरत्र नेटवर्क सेटिंगमध्ये शोधा. दूरवरून पॉवर आणि सेन्सरसाठी ४४३ वरचे रेडफिश (वेबवरून आज्ञा देण्याची नवी पद्धत) पुरते. पण बंद करण्याआधी ते कोण वापरते हे नक्की शोधा. क्लस्टरमध्ये फेन्सिंग (बिघडलेल्या नोडची, म्हणजे गटातल्या सर्व्हरची, वीज तोडून त्याला बाजूला करणे) आयपीएमआयवर बेतलेले असेल, तर बंद केल्यावर लगेच काहीच बिघडलेले दिसत नाही. ज्या रात्री एखादा नोड लटकतो, त्या रात्री फेन्सिंग अयशस्वी होते आणि सर्व्हिस दुसऱ्या नोडवर जातच नाही. आधी फेन्सिंग रेडफिशवर न्या (त्यासाठी क्लस्टरच्या नोडनाही ४४३ ची परवानगी द्यावी लागेल), एक नोड मुद्दाम पाडून पाहा, मगच ६२३ बंद करा.

बंद करणे शक्यच नसेल तर सायफर ० तरी काढा; सायफर म्हणजे लॉगिन आणि एन्क्रिप्शनच्या ठरलेल्या पद्धती, त्यांना क्रमांक असतात. सायफर ० मध्ये पासवर्ड तपासलाच जात नाही. आयपीएमआयटूलमध्ये सायफरचे अधिकार १५ अक्षरांच्या ओळीने ठरतात; पहिले अक्षर सायफर ० चे, तिथे मोठा एक्स हवा. खात्री करण्यासाठी दुसऱ्या मशीनवरून आयपीएमआयटूलमध्ये लॅनप्लस (आयपीएमआय २.० ची नेटवर्क जोडणी) निवडून, सायफर ० सांगून, खऱ्या यूजरनेमसोबत मनाला येईल तो पासवर्ड द्या आणि यूजरची यादी मागा. यादी आली तर दार उघडे आहे.

खाती तपासा. डेलचे यूजरनेम रूट आणि पासवर्ड कॅल्विन, जुन्या सुपरमायक्रोचे अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन हे साऱ्या जगाला पाठ आहे. नव्या यंत्रांवर लेबलवर छापलेला वेगळा पासवर्ड येतो, तोही बदला. क्रमांक १ चे बिननावाचे खाते बंद ठेवा. आयपीएमआयमध्ये पासवर्डची कमाल लांबी २० बाइट आहे आणि काही साधने १६ वरच थांबतात. म्हणून प्रत्येक सर्व्हरसाठी वेगळा, पासवर्ड मॅनेजरने बनवलेला १६ अक्षरांचा पासवर्ड सोयीचा.

फर्मवेअरची हयगय नको. २०१७ मध्ये आयलो ४ ची अशी चूक उघड झाली, की एका एचटीटीपी हेडरमध्ये ए हे अक्षर २९ वेळा पाठवले तर लॉगिनच टळत असे, दुरुस्ती २.५३ या आवृत्तीत आली. २०२५ मध्ये अनेक उत्पादक वापरतात त्या एएमआयच्या मेगारॅक फर्मवेअरमध्येही लॉगिन टाळता येणारा दोष जाहीर झाला, आणि त्याचा प्रत्यक्ष गैरवापर झाल्याची नोंद अमेरिकेच्या सिसा या सायबर सुरक्षा संस्थेने केली. अपडेट करताना बीएमसी पुन्हा सुरू होतो, सर्व्हर चालूच राहतो. पंखे काही मिनिटे जोरात फिरले तर घाबरू नका. मात्र ‘सेटिंग जपा’ हा पर्याय सुटला, तर फेलओव्हर आणि मूळ पासवर्ड दोन्ही परत येतात. म्हणून प्रत्येक अपडेटनंतर नेटवर्क मोड आणि खाती पुन्हा पाहा.

आणखी एक वाट सर्व्हरच्या आतून जाते. ऑपरेटिंग सिस्टिमवर रूट (सर्वाधिकार) मिळालेला माणूस मदरबोर्डवरच्या केसीएस जोडातून (सर्व्हर आणि बीएमसी यांच्यातल्या आतल्या दुव्यातून), बीएमसीचा पासवर्ड न देता, त्यावर नवे खाते उघडू शकतो. ओएस नव्याने टाकली तरी ते खाते तसेच राहते. आयड्रॅक ९ मध्ये सिस्टिम लॉकडाउन मोड, आयलो ५ मध्ये हाय सिक्युरिटी मोड ही वाट अडवतात. तुमच्या मॉडेलमध्ये तशी सोय नसेल, तर रूट गेल्याचा संशय येताच बीएमसीची यूजर यादीही तपासा आणि पासवर्ड बदला.

शेवटी बाहेरच्या नेटवर्कवरून एनमॅप या पोर्ट तपासणाऱ्या साधनाने टीसीपी २२, ४४३, ६२३, ५९०० आणि यूडीपी ६२३ तपासा. यूडीपीवर उत्तर आले नाही तर एनमॅप ‘उघडे किंवा गाळलेले’ एवढेच सांगतो. तिथे आयपीएमआय-व्हर्जन ही स्क्रिप्ट चालवा, बीएमसी खरोखर ऐकत असेल तर ती आवृत्ती दाखवते. ही तपासणी सर्व्हरच्या प्रत्येक पब्लिक पत्त्यावर, आणि स्वतंत्र पोर्टाची केबल काढून सर्व्हरची वीज पूर्ण तोडून पुन्हा जोडल्यावरही एकदा करा. फेलओव्हर खरोखर बंद झाला आहे का, हे त्याशिवाय कळत नाही.