तंबू घेण्याआधी वाळवणाची जागा बघा

ऑस्ट्रेलियात आल्यावरच्या पहिल्या डिसेंबरात मुलांच्या शाळेला सुट्टी लागते आणि मंडळाच्या ग्रुपवर कोणीतरी विचारतंच, ‘कॅम्पिंगला येताय ना?’ मग कॅम्पिंगच्या दुकानात फेरी होते. तंबू, स्वॅग (गादीसकट गुंडाळायचं कॅनव्हासचं अंथरूण) आणि कॅम्पर ट्रेलर (गाडीमागे ओढायचा, उघडला की तंबू होणारा ट्रेलर) अशा तिन्ही गोष्टी तिथे अंथरून-उघडून ठेवलेल्या असतात, आणि विक्रेता विचारतो, ‘किती जण?’ त्याचं उत्तर लागतंच, पण त्याच्या आधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. गाडी काय वाहू आणि ओढू शकते? घरी हे सगळं ठेवणार कुठे? आणि ओलं झालं तर वाळवणार कुठे?

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच कोणी विचारत नाही. आपल्याकडे पापड-कुरडयांच्या वाळवणाला गच्ची तरी असायची. इथे नवीन आलेलं कुटुंब बहुतेक वेळा युनिटमध्ये, म्हणजे फ्लॅटमध्ये, राहतं. बाल्कनी दोन मीटरची, आणि तिच्या कठड्यावर काही वाळत घालायला बॉडी कॉर्पोरेटची, म्हणजे इमारतीच्या सोसायटीची, अनेकदा मनाई. पाऊस नसला तरी दवाने आणि रात्रभराच्या श्वासांनी कापड आतून-बाहेरून ओलं होतं. ओला कॅनव्हास गुंडाळून ठेवला तर दोन-तीन दिवसांत काळे ठिपके धरू लागतात, आणि ते डाग पुढे जात नाहीत. ब्लीच लावलं तर डागाबरोबर कापडाचं पाणी अडवणंही जातं. म्हणून आमचा ठोकताळा असा: परसदार किंवा मोकळं गॅरेज नसेल तर कॅनव्हासच्या वाटेला जाऊ नका, पॉलिएस्टरचा तंबू घ्या. त्याचं वरचं कापड न्हाणीघराच्या दांडीवर आणि आतला भाग दोन खुर्च्यांवर टाकला तरी रात्रीतून सुकतो.

पहिली एक-दोन वर्षं चौघांच्या कुटुंबाला तंबूच बरा. खोक्यावरचा आकडा मात्र खरा मानू नका. ‘६ जणांचा’ म्हणजे सहा गाद्या एकमेकींना चिकटून, सामानाला वीतभरही जागा न ठेवता. चौघांनी सहाचा घ्यावा, आजी-आजोबा येणार असतील तर मधे पडदा असलेला आठचा. झटपट उभे राहणारे तंबू, ज्यांच्या दांड्या आधीच जोडलेल्या असतात, ते पाच-दहा मिनिटांत उभे होतात. पण त्यांची गुंडाळी साधारण १.२ मीटर लांब आणि वजन वीस-पंचवीस किलो. लहान हॅचबॅकच्या डिकीत ती आडवी बसत नाही, मग मागची सीट पाडावी लागते आणि एक मूल बसायचं कुठे हा प्रश्न उभा राहतो. दुकानात जाताना डिकीची आडवी रुंदी टेपने मोजून न्या. सुट्या दांड्यांचा घुमटाकार तंबू उभा करायला वीसेक मिनिटं लागतात, पण तो निम्म्या जागेत मावतो आणि स्वस्तही पडतो.

कापडाचा दर्जा बघताना दोन गोष्टी बघा. वरचं आवरण जमिनीपर्यंत येतं की अर्ध्यावरच थांबतं? अर्ध्यावर थांबणारं असेल तर वाऱ्याबरोबरचा आडवा पाऊस जाळीतून थेट अंथरुणावर येतो. दुसरं, आतून काळं अस्तर आहे का? डिसेंबरअखेर मेलबर्नला सकाळी सहाच्या आतच सूर्य उगवतो. काळ्या अस्तराने मुलं तासभर जास्त झोपतात. त्या तासासाठी जादा पैसे मोजायला हरकत नाही.

तंबूबरोबर येणाऱ्या तारेच्या खुंट्या कठीण मुरुमात पहिल्याच घावाला वाकतात आणि वाळूत नुसत्याच उपटून येतात. जाड पोलादी खुंट्या वीस आणि समुद्रकाठासाठी रुंद पात्याच्या आठ वेगळ्या घ्या, सोबत घणासारखा हातोडा. खुंटी ठोकताना तिचं डोकं तंबूपासून बाहेरच्या बाजूला झुकलेलं हवं, टोक तंबूकडे. उलटी ठोकली तर दोरी सरकत वर येते. आकाश निरभ्र असलं तरी ताणाच्या सगळ्या दोऱ्या बांधा, कारण वारा बहुधा रात्री दोनला सुटतो. तंबूखाली ताडपत्री अंथरणार असाल तर ती तळापेक्षा चारही बाजूंनी थोडी लहान हवी. बाहेर डोकावली की पावसाचं पाणी तिच्यावरून वाहत तंबूच्या खाली जाऊन साठतं, आणि लोक म्हणतात तंबू गळतो.

भारतातून वापरलेला तंबू आणत असाल तर आधी तो धुऊन, झटकून, कोरडा करून आणा आणि विमानतळावरच्या कार्डावर जाहीर करा. चेनमध्ये अडकलेली माती आणि गवताचं बी इथे चालत नाही.

आता स्वॅग. नाव कितीही ऑस्ट्रेलियन असलं तरी वस्तू आपल्या ओळखीची आहे: वळकटी. जुन्या रेल्वेप्रवासातल्या होल्डॉलला वरून जाड कॅनव्हासचं झाकण, डासांची जाळी आणि दोन-तीन कमानी लावल्या की स्वॅग झाला. आत पाच ते सात सेंटिमीटर जाडीची फोमची गादी असते. जमिनीवर टाकायचा, कमानी ओवायच्या, झोपायचं. एकट्यादुकट्याला याहून सुटसुटीत काही नाही. कुटुंबाला मात्र तो दिसतो तितका सुटसुटीत नाही, कारण गादी आतच गुंडाळलेली असते. दोघांच्या स्वॅगची गुंडाळी प्रवासी पिशवीएवढी नव्हे, गव्हाच्या पोत्याएवढी होते आणि वजन पंधरा-वीस किलो. असे दोन घेतले की मध्यम एसयूव्हीची डिकी भरली; मग कूलबॉक्स आणि भांडी कुठे? टपावर टाकायचं तर गाडीच्या पुस्तिकेतली टपाची मर्यादा बघा, आणि त्या मर्यादेत रॅकचं स्वतःचं वजनही धरलेलं असतं.

शिवाय स्वॅगमध्ये बसता येत नाही, कपडे बदलता येत नाहीत, पाऊस लागला तर पत्ते खेळायला जागा नाही. वर ताडपत्री किंवा मांडव लागतोच. पाच-सहा वर्षांच्या मुलाला वेगळ्या स्वॅगमध्ये झोपवलं तर रात्री ते आत चेन शोधत रडतं आणि तुम्ही बाहेर. त्याचा खरा उपयोग चौदा-पंधराच्या पोरांना. त्यांना आईवडिलांच्या तंबूत झोपायचं नसतंच. तंबू अधिक एक स्वॅग ही जोडी बऱ्याच घरांत टिकते.

नवा कॅनव्हास, मग तो स्वॅगचा असो की तंबूचा, पहिल्या सहलीआधी घरी भिजवावा लागतो. अंगणात उभा करायचा, होजपाइपने शिवणींसकट चिंब करायचा, पूर्ण वाळू द्यायचा, आणि असं दोन-तीनदा. सुती धागा पाण्याने फुगतो आणि सुईची भोकं बुजतात. हे न करता पावसात नेला तर शिवणीतून थेंब येतात आणि दोष मात्र कापडाला दिला जातो. साबण अजिबात लावू नका.

थंडी वरून कमी आणि खालून जास्त येते, हे नवख्यांना उमगत नाही. हवा भरायच्या जाड गादीच्या आत थंड हवाच फिरत राहते, त्यामुळे वर तीन पांघरुणं घेऊनही पाठ गारठते. आपोआप फुगणारी, आत फोम असलेली गादी घ्या आणि तिच्यावर, अंगाखाली, गोधडी टाका. आईने दिलेली गोधडी सुटकेसमध्ये जागा खाऊन आणली असेल तर तिचं खरं काम इथे आहे. आणि लक्षात ठेवा, दिवाळी इथे वसंतात येते, गणपती हिवाळा सरता-सरता. सप्टेंबरच्या सुट्टीत व्हिक्टोरिया राज्यातल्या डोंगरात जायचं म्हणत असाल तर आधी भाड्याची केबिन बघा.

आजी-आजोबा भेटीला आले असतील तर निवड त्यांच्या गुडघ्यांवरून करा. स्वॅगमधून उठणं त्यांना जमणार नाही. कॅम्पर ट्रेलरमधला पलंग आरामाचा दिसतो, पण बहुतेक ट्रेलरांत तो कमरेच्या वर असतो आणि चढायला शिडी. रात्री दोनदा संडासला उठणाऱ्या माणसाला अंधारात ती शिडी धोक्याची. त्यांच्यासाठी उंच छताचा तंबू आणि चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटर उंचीची घडीची खाट, दाराजवळ. जागा निवडताना संडास जवळ पण अगदी शेजारी नाही अशी.

कॅम्पर ट्रेलरकडे वळण्याआधी एक शब्द नीट समजून घ्या. ट्रेलरच्या पाटीवरचा एटीएम म्हणजे पैसे देणारं यंत्र नव्हे. सगळं सामान भरल्यावर ट्रेलरचं जास्तीत जास्त किती वजन चालेल, तो आकडा. रिकाम्याचं वजन म्हणजे टेअर. दोन्हींतला फरक ही तुमची खरी सामानाची मुभा. समजा टेअर ११५० आणि एटीएम १५०० किलो. मुभा ३५०. टाकीत ८० लिटर पाणी म्हणजे ८० किलो, दोन गॅस सिलिंडर २०, भरलेला फ्रीज ४५, बाजूचा मंडप आणि दांड्या ३०, अंथरूण-पांघरूण ४०, स्वयंपाकाचं ३०. झाले २४५, आणि अजून कपडे, खुर्च्या, सायकली बाकी.

गाडीकडून बघा. ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहा टक्के भार टोबॉलवर, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या गाडीमागच्या गोळ्यावर, येतो. १५०० चा ट्रेलर म्हणजे १५० किलो, आणि तो गाडीच्या स्वतःच्या मुभेतून वजा होतो. गाडी ५०० किलो घेऊ शकत असेल तर चार माणसं अडीचशे, टोबॉल दीडशे, टोबार (तो गोळा बसवायची दांडी) तीस. उरले सत्तर. ओढण्याच्या क्षमतेत तर एकाच नावाच्या दोन गाड्यांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. २०१९ साली आलेल्या पिढीतली टोयोटा राव-फोर हायब्रिड दोन चाकांवर चालणारी असेल तर ४८० किलो ओढते, चारही चाकांवर चालणारी १५०० किलो. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणून पुस्तिका आणि टोबारवरची पाटी, दोन्ही वाचा, आणि जो आकडा लहान तो खरा.

भरलेल्या ट्रेलरचा चाकांवर ७५० किलोपेक्षा जास्त भार येत असेल तर ट्रेलरला स्वतःचे ब्रेक कायद्यानेच हवेत. ते विजेवर चालणारे असतील तर गाडीत त्यांचा नियंत्रक बसवून घ्यावा लागतो. टोबार, वायरिंग, नियंत्रक यांचा खर्च ट्रेलरच्या किमतीत धरा. घरातल्या नव्या चालकाच्या लायसन्सकडेही बघा: व्हिक्टोरियात लाल पी पाटीवाल्याला, म्हणजे नुकतं लायसन्स मिळालेल्याला, सहलीसाठी ट्रेलर ओढता येत नाही, न्यू साउथ वेल्समध्ये पहिल्या पी पाटीला रिकाम्या ट्रेलरची मर्यादा २५० किलो.

सामान भरताना जड वस्तू चाकांच्या वर आणि किंचित पुढे. मागे जड झालं की टोबॉलवरचा भार घटतो आणि हमरस्त्यावर ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो. तसं झालं तर जोरात ब्रेक मारू नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, आणि विजेचे ब्रेक असतील तर नियंत्रकावरून फक्त ट्रेलरचे हळूच लावा. मुक्कामी पोचल्यावर क्रमही ठरलेला: गाडीला जोडलेला असतानाच डाव्या-उजव्या बाजू समतल करा, चाकांना अडणी लावा, हँडब्रेक ओढा, मगच सोडवा आणि पुढच्या लहान चाकाने पुढे-मागे समतल करा. अडणी न लावता सोडवलेला ट्रेलर उतारावर कोणाचं ऐकत नाही.

मऊ, म्हणजे कापडी तळाचा ट्रेलर हलका आणि स्वस्त, पण उघडल्यावर तो म्हणजे मोठा तंबूच. खुंट्या, दांड्या, अर्धा तास. कठीण तळाचा झटकन उघडतो, पण जड. जुना घेताना तो विक्रेत्याकडून पूर्ण उघडून घ्या. आत नाक घाला, बुरशीचा वास लपत नाही. टायरच्या बाजूवर छापलेल्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे बघा: २३१७ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नवीकोरी असली तरी इतका जुना टायर बदलावाच लागेल. आणि पैसे देण्याआधी व्हिन क्रमांक (ट्रेलरचा ओळख क्रमांक) पीपीएसआरवर, म्हणजे गहाण-कर्जांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, तपासा. दोन डॉलरांत त्यावर कोणाचं कर्ज आहे का ते कळतं.

वर्षाला दहा-बारा रात्रींपेक्षा कमी जाणार असाल तर ट्रेलर विकत घेण्यात अर्थ नाही. रेगो (नोंदणी), विमा, टायर आणि बेअरिंग हे खर्च तो अंगणात उभा असतानाही चालूच. सुट्टीपुरता भाड्याने मिळतो. युनिटच्या पार्किंगात तो बहुधा ठेवताही येत नाही.

बुकिंग करताना जागेचं वर्णन वाचा. काही जागा गाडीशेजारी तंबू लावायच्या, काही गाडीपासून सामान वाहून न्यायच्या, तिथे ट्रेलर चालतच नाही. वीज असलेल्या जागेवरचा खांब १५ अँपिअरचा असतो. घरची साधी वायर त्यात बसते, पण ती तंबूत ओढू नका, कॅम्पिंगसाठीची सुरक्षा-स्विच असलेली पेटी वापरा. झाडाखालची सावली मोह पाडते, पण नदीकाठच्या मोठ्या गमच्या (निलगिरीच्या) झाडाखाली कधीही नाही. उन्हाळ्यात वारा नसतानाही त्यांच्या जाड फांद्या तुटून पडतात.

चहा-पोहे तंबूबाहेरच. पाऊस असो वा थंडी, आत गॅस किंवा कोळसा पेटवायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. खाण्याचं सामान रात्री गाडीत. मेलबर्नहून सव्वादोनशे किलोमीटरवरच्या विल्सन्स प्रोमोंटरीला, टायडल रिव्हरच्या तळावर, वॉम्बॅट हा बिळात राहणारा गुबगुबीत प्राणी चकलीच्या वासाने तंबूचं कापड फाडून आत घुसतो. तिथे शेकोटीही बारा महिने बंद.

परतल्यावर, कितीही थकला असाल तरी, त्याच रात्री पिशव्या उघडा. कापड पसरा, दुसऱ्या दिवशी उलटं करा. सगळ्यात शेवटी सुकतात त्या चेनच्या पट्ट्या आणि तळाचे कोपरे, त्यांना हात लावून बघा. तळहाताला गार लागलं तर अजून ओलं आहे.