पुंगळी बुडाशी तुटायची, ते कसं थांबलं

.३०८ विंचेस्टर या रायफलच्या काडतुसाच्या पितळी पुंगळ्या पाचव्या रीलोडलाच (उडालेली पुंगळी पुन्हा भरणं) बाद होत होत्या. काहींच्या मानेला उभी चीर, काहींवर बुडाच्या जरा वर चकचकीत कडं. दोष एकच वाटतो, पण कारणं वेगळी.

कडं दिसलं की आतून भिंत पातळ झाली असं धरा. बारीक तारेचं टोक आकड्यासारखं वाकवून, धार लावून आत घाला आणि बुडाकडून वर ओढा. खाच असेल तर टोक तिथे अडकतं. अडकलं की पुंगळी भंगारात, दुसरा विचार नाही. कड्याचं कारण साइझिंग डायमध्ये, म्हणजे उडालेली पुंगळी दाबून पुन्हा मापात आणणाऱ्या साच्यात होतं. डाय शेलहोल्डरला (पुंगळीचं बूड धरणारा भाग) टेकेपर्यंत खाली घेतल्याने खांदा (मानेखालचा उतार) दरवेळी ०.२ मिमी मागे जात होता आणि बार उडताना पितळ तेवढंच ताणलं जायचं. कंपॅरेटरने (बुडापासून खांद्यापर्यंतची लांबी मोजायचं साधन) उडालेली पुंगळी मोजून डाय वर घेतली. बोल्ट रायफलला खांदा ०.०५ मिमी मागे गेला की पुरे.

मानेची चीर म्हणजे कडक झालेलं पितळ. ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. दाबलं-ताणलं की कडक होतं. उपाय अॅनिलिंग, म्हणजे तापवून मऊ करणं: पुंगळी फिरवत फक्त मान आणि खांदा तापवायचा, अंधारात जेमतेम लाली दिसली की ज्योतीबाहेर. पाण्यात टाकणं ऐच्छिक, त्याने मऊपणात फरक पडत नाही. बुडाला मात्र ऊब लागू द्यायची नाही. मऊ बूड दाब झेलत नाही. चीर पडलेली पुंगळी अॅनिलिंगने सुधारत नाही.

प्रायमर (बुडात बसणारी, बार पेटवणारी टोपी) नुसत्या अंगठ्याने आत जात असेल, म्हणजे त्याची जागा सैल झाली असेल, तर मान कितीही चांगली असो, ती पुंगळी संपली.