बेळगाव परिसरात घर निवडताना

बेळगाव, खानापूर, निपाणी की अथणी, हे ठरवण्यापूर्वी प्रत्येक ठिकाण एकदा एप्रिलमध्ये आणि एकदा जुलैमध्ये पाहावे, कारण दिवाळीनंतरच्या गुलाबी थंडीत सगळीच गावे राहण्याजोगी वाटतात. समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवरील बेळगावात उन्हाळा सुसह्य असतो. मात्र पश्चिमेला जांबोटी-कणकुंबीकडे सरकावे तसा पाऊस वाढतो, भिंतींना ओल धरते आणि कपडे दिवसेंदिवस वाळत नाहीत, तर पूर्वेला अथणीकडे पाऊस कमी आणि ऊन कडक. कृष्णा, दूधगंगा किंवा वेदगंगेच्या काठाजवळ जागा घेणार असाल, तर २०१९ च्या महापुरात पाणी कोठवर आले होते, हे दलालाला नव्हे, शेजारच्या वयस्क माणसाला विचारावे.

शहराबाहेरचे कमी भाडे मोहक दिसते. त्यात रोजच्या पेट्रोलचा आणि टँकरचा खर्च मिळवून मगच बेळगाव शहरातील टिळकवाडीच्या भाड्याशी तुलना करावी. ग्रामपंचायत हद्दीतील प्लॉट विकत घेताना बिगरशेतीचा आदेश आणि ई-स्वत्तूचा (कर्नाटकातील ग्रामपंचायत मालमत्तांच्या ऑनलाइन नोंदीचा) उतारा तपासावा, आणि ही कागदपत्रे कन्नडमध्ये असल्याने, कितीही ओळखीचा विक्रेता असला तरी, आपल्या वकिलाकडून शब्दशः वाचून घ्यावीत.

कोल्हापूरला वरचेवर जाणाऱ्यांना महामार्गावरील निपाणी सोयीची. मुलांना मराठी माध्यमात घालायचे असल्यास शाळेचा पट आणि वरच्या इयत्तांची सोय प्रत्यक्ष जाऊन पाहावी.